होडीचं ठिगळ

दि. ४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. आम्ही दोघं बरे आहोत. तुमच्याकडेही सगळं बरं असेल असं धरून चालतो.

फोनवर बोलताना बाबा शेजारीच बसलेले असतात, म्हणून हा पत्राचा खटाटोप. होडी कधी दुरुस्त होणार, असं तू विचारलंस. मलाही कुणीतरी सांगा. बाबा ती कयाक एकट्यानेच शेडच्या भिंतीवरून काढायला गेले आणि ती पायरीवर आपटली, तेव्हापासून तळाला हातभर तडा आहे आणि त्यांचा डावा हात नीट उचलत नाही. होडी नीट झाली की ती घेऊनच ताईकडे राहायला जाईन, हे त्यांचं म्हणणं अजून कायम आहे. त्यामुळे दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासायच्या आणि घरी येऊन फायबर घासायचं, असं माझं चाललं आहे.

काम तसं अवघड नाही. तड्याभोवती पॉलिश पेपर मारायचा, फायबरची जाळी ठेवायची, रेझिनमध्ये हार्डनर कालवून ती भिजवायची आणि वाळू द्यायची. पहिल्या दिवशी मी हार्डनर सढळ हाताने ओतला. रेझिन ब्रशसकट मगातच दगड झालं, आणि तो मग आंघोळीचा होता. बाबा बऱ्याच दिवसांनी पोट धरून हसले.

आता माप बरोबर घेतो, तरी ठिगळ टिकत नाही. संध्याकाळी बघावं तर कडा उघड्या आणि जाळी वर आलेली. मग पुन्हा नवा थर. त्यात बाबांचा चष्मा. काच बदलून दिली की आठवड्यात पुन्हा ओरखडे. कशाने पुसतात कोण जाणे.

ताई, मी दमलो आहे. हिची नोकरी फिरतीची, आणि बाबांना दुपारी एकटं सोडलं की दुकानात माझं लक्ष घराकडे. परवा न्हाणीघरात तोल गेला त्यांचा, थोडक्यात निभावलं. तुझ्याकडे माणसं आहेत. ते लवकर तिकडे आले तर बरं, हे लिहितानाही मला बरं वाटत नाही.

भावजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
धाकटा

दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ. पत्र पोचलं. मगाची हकिकत वाचून तुझे भावजी अजून हसताहेत.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. एवढी वर्षं तू केलंस, आता माझी पाळी. खालची खोली रिकामी केली आहे, पलंग खिडकीशी लावला आहे. नदीही जवळ आहे, होडी ठेवायला अंगण आहे. लहानपणी मी पुढे बसायचे आणि बाबा मागून वल्हवायचे, तेव्हा वळून बघितलं तर ओरडायचे. ते ओरडणं पुन्हा ऐकायला मिळेल म्हणून मी वाट बघते आहे.

पण ठिगळाचं नवल वाटतं. इथल्या होडीवाल्याला विचारलं. एकदा नीट वाळलेलं ठिगळ आपणहून उघडत नाही, असं तो म्हणाला. तुझाच हात कच्चा असणार. राहू दे ते. एकवीस तारखेला भावजी टेम्पो घेऊन येतील. होडी फुटकीच आणा, इथे करून घेऊ. बाबांना तू सांग. माझ्याशी हट्ट करतील, तुझ्यासमोर करणार नाहीत.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
ताई

दि. १५ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. होडीवाल्याचं म्हणणं बरोबर आहे. माझा हातही कच्चा नाही.

काल तुझा निरोप बाबांना सांगायचा म्हणून दुपारीच घरी आलो. शेडचं दार अर्धवट उघडं होतं. बाबा स्टुलावर बसून, चांगल्या हाताने, माझं ठिगळ घासत होते. मध्येच थांबायचे, चष्म्यावरची पांढरी भुकटी सदऱ्याच्या टोकाने पुसायचे आणि पुन्हा घासायचे. ओरखडे कुठून येतात ते तेव्हा कळलं. काचेचा धंदा करतो मी, आधीच कळायला हवं होतं.

आधी राग आला. माझ्या सगळ्या संध्याकाळी त्यांनी घासून टाकल्या. आत जाऊन विचारणारच होतो. पण त्यांच्या कपाळावर घाम होता आणि खांदा दुखत असावा, कारण ते तो सारखा दाबत होते. मी तसाच मागे फिरलो, कोपऱ्यावरच्या बाकावर बसून राहिलो आणि नेहमीच्या वेळेला येऊन बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं आणि आज तरी ठिगळ धरलं का बघ, असं म्हणाले. मी बघितलं आणि नाही धरलं म्हणालो.

तुझ्याकडे यायचं नाही, हे त्यांना तुला सांगवत नाही. माझ्याजवळही त्यांना बोलवत नाही, कारण मी दमलोय ते त्यांना दिसतं. मी दमलोय हे खोटं नाहीच. पण टेम्पो पाठवू नकोस. त्यापेक्षा तूच ये आणि महिनाभर राहा. दुपारी तू घरात असलीस तर मला दुकानात श्वास घेता येईल. खिडकीशी लावलेल्या पलंगाबद्दल दोनदा वाचलं. रागावू नकोस, आमच्या दोघांवरही.

तुझा,
धाकटा

ता. क. बाबांचा पॉलिश पेपर रात्री शेडमध्ये रेझिनच्या डब्याखाली सापडला, झिजून पार गुळगुळीत झाला होता. आज येताना नवा आणला आणि ते लपवतात त्याच डब्याखाली ठेवला.