पुरवून वापरलेला डबा

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चिमी आता आवाजाकडे मान वळवते, हे वाचून फार बरं वाटलं. वहिनी असती तर तिनं अख्ख्या गल्लीला सांगितलं असतं. वहिनीमागे पोर वरच्या दुधावरच वाढतेय, म्हणून काळजीनं लिहिते. बाळांच्या दुधाच्या परदेशी पावडरीवर जबर जकात बसली आहे. व्यापारी ती भरायला तयार नाही, त्यामुळे खोकी बंदरावरच्या आमच्या जकात खात्याच्या गोदामात छतापर्यंत रचून पडली आहेत. मी रोज त्यांची सीलं तपासते. त्यातला एखादा डबा पाठव असं तू लिहिलं नाहीस, बरं केलंस. मला ते जमलं नसतं, आईनंच तसं वाढवलंय.

घरातलं पुरवून वापरा. अर्थात हे आईला सांगायला नको. साबणाच्या एका वडीत तिनं आपलं दोघांचं बालपण धुऊन काढलं.

तुझा लोभ बिनजकातीचा येत राहू दे.

तुझी धाकटी

२८ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

लोभ पाठवतोय, सोडवून घे. औषधाच्या दुकानात शेवटचा डबा मिळाला; दुकानदार पुढचं विचारू नका म्हणाला. मी छापखान्यात असतो, तेव्हा डबा आईच्या ताब्यात. आपल्याला चहातलं दूध पुरवायची ना, तसंच. पावडर कमी, पाणी जास्त. डबा संपता संपत नाही, म्हणून स्वारी खूश आहे.

चिमी हल्ली रडत नाही. नुसती बघत पडून असते, झोपते पुष्कळ. शेजारच्या काकू म्हणतात, किती शहाणी पोर.

तब्येतीला जप.

दादा

२ एप्रिल

ती. दादास,
नमस्कार.

तुझं पत्र गोदामात वाचलं आणि तिथल्याच खोक्यावरचा बारीक मजकूर वाचला. पावडर कमी घातली तर पोट भरल्यासारखं होतं, पण अंग धरत नाही, आणि जास्तीचं पाणी इतक्या लहान जिवाला सोसत नाही. ते शहाणपण नाही, दादा, पोर गळून गेलीय. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे ने. छापखान्याचा फोन लागत नाही, म्हणून हे ट्रकवाल्याच्या हाती देतेय.

साहेबांकडे डबा मागितला, आयुष्यात पहिल्यांदा. सील तोडता येत नाही म्हणाले.

धाकटी

११ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

ट्रकवाला आला तेव्हा आम्ही दवाखान्यातच होतो. चिमी गेली. शेवटी ताप होता, तेवढंच आईला ठाऊक आहे. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं, ते तुझ्या पत्रात होतंच. पत्र मी जाळलं.

आई झबली धुऊन त्यांच्या घड्या घालतेय. काल म्हणाली, अर्धा डबा अजून शिल्लक आहे, वाया कशाला घालवायचा? काकूंच्या सुनेच्या बाळाला देते, आणि कसा पुरवायचा तेही तिला शिकवते. खरं सांगितलं तर आई यातून उठायची नाही. नाही सांगितलं तर ते दुसरं बाळ. आपल्या घरात तुझा शब्द खरा मानतात. तूच काय ते लिही.

दादा

१५ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न.

दादानं कळवलं. तापच वाईट होता, आई. तू तिच्याजवळ होतीस.

डब्याचं लिहायचं आहे. आमच्या खात्याचा नवा नियम निघालाय: उघडलेला डबा दुसऱ्या घरी द्यायचा नाही, खात्याला परत करायचा. आणि पावडर डब्यावर लिहिलीय तेवढीच घालायची, चिमूटभरही कमी नाही. काकूंच्या सुनेलाही हे आजच सांग. मी खात्यात असताना आपल्याच घरानं नियम मोडू नये.

जकात उतरली. खोकी सुटतायत, सुनेला नवा डबा मिळेल. तो पुरवायची गरज नाही. आपला डबा न्यायला मी स्वतः येतेय.

नियमाचा कागद मात्र मागू नकोस. लहानपणापासून तू माझ्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवलास, तेवढा आताही असू दे.

तुझी धाकटी