घरची विमा कंपनी, क्लेम शून्य

५ जानेवारी, रविवार
ठरलं. या वर्षी कॅप्टिव्ह काढायचीच.
तीन वर्षं मी मिस्टर कोहना, म्हणजे आमच्या फायनान्स डायरेक्टरना, हेच सांगतोय. आपण कोल्ड स्टोरेजवाले. दरवर्षी बाहेरच्या विमा कंपनीला ढीगभर हप्ते भरतो आणि क्लेम करतो दोन-तीन. त्यापेक्षा आपलीच एक छोटी विमा कंपनी काढू आणि हप्ते तिलाच देऊ. नुकसान झालं तर ती भरेल, नाही झालं तर पैसे घरातच. याला कॅप्टिव्ह म्हणतात. कोह म्हणाले, आधी कुठेतरी चालवून दाखव.
दाखवतो. घरातच.

८ जानेवारी
तोआ पायोहच्या बाजारात जाऊन रबर स्टँप करून घेतला. ‘आगाशे कॅप्टिव्ह’. २८ डॉलर. संचालक मी, क्लेम समिती मी, ऑडिटर मी. कुणी बोट दाखवू नये म्हणून तीन सह्या तीन वेगळ्या पेनांनी करणार.
दरमहा हप्ता: मी १५०, बायको मधुमती १००, मुलगी ऋग्वेदा पॉकेटमनीतून १०. ऋग्वेदा म्हणाली की बाबा, सो लेचे लाह, इतकी कटकट कशाला. सोळाव्या वर्षी जोखीम कळत नाही. कळेल.

१२ जानेवारी
तिघांच्या हॉस्पिटल पॉलिसी बंद करायचे फॉर्म आणले. माझा सही करून पाठवलासुद्धा. मधुमतीला तिचा आणि ऋग्वेदाचा दिला. तिने विचारलं, मोठं काही झालं तर काय करायचं.
प्रश्न चांगला आहे. ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्ये त्यावर माझी अख्खी स्लाइड आहे. छोटं नुकसान कॅप्टिव्हने सोसायचं, मोठ्यासाठी बाहेर पुनर्विमा घ्यायचा. पण घरात माणसं तीन, तिन्ही धडधाकट. पुनर्विमा म्हणजे पैसे पाण्यात. तसं तिला सांगितलं. फॉर्म फ्रिजवर ठेवून ती म्हणाली, बघते.
म्हणजे तेही झालं.

३ फेब्रुवारी
पहिला क्लेम! मधुमती खाण्याच्या स्टॉलांच्या हॉकर सेंटरमध्ये ओल्या फरशीवर घसरली. घोटा सुजला. सरकारी पॉलिक्लिनिक आणि क्रेप बँडेज मिळून ४६ डॉलर. फॉर्म भरून घेतला. फरशीचा फोटो मागितला. तिने काढला नव्हता. पडल्यावर आधी फोटो काढायचा असतो हे लोकांना सुचत नाही.

९ फेब्रुवारी
समितीची बैठक. सुरुवातीचे ३० डॉलर विमाधारकाचे, ते वजा. गुळगुळीत तळाची चप्पल हा स्वतःचा निष्काळजीपणा, त्याचे साडेचार वजा. मंजूर: साडेअकरा. पत्र छापून, स्टँप मारून तिच्या हातात दिलं. तिने वाचलं, घडी केली.
क्लेमचा निपटारा सहा दिवसांत. बाहेरच्या कंपन्यांनी शिकावं.

२२ फेब्रुवारी
ऋग्वेदाचा फोन पडला, स्क्रीन फुटली. क्लेम नामंजूर. विमा आहे म्हटल्यावर माणूस बेफिकीर होतो, हे या धंद्यातलं पहिलं तत्त्व. तिला समजावून सांगितलं, चाळीस मिनिटं. तिने हेडफोन घातले होते हे नंतर लक्षात आलं.

३० मार्च
या महिन्यात एकही क्लेम नाही. शिस्त लागली.

१४ एप्रिल
हाँगकाँगला दोन दिवसांचा कॅप्टिव्ह सेमिनार आहे. कोहनी पैसे नाकारले. पण कॅप्टिव्हमधली शिल्लक मूळ मालकाला कर्जाऊ देता येते, मोठ्या कंपन्या देतात. तेव्हा कॅप्टिव्हने मला कर्ज दिलं. देणाराही मीच, घेणाराही मीच, त्यामुळे वाटाघाटी सुरळीत झाल्या. खात्यात आता ७० डॉलर. काही बिघडत नाही. क्लेम कुठे आहेत?

११ मे
क्लेम शून्य. घरात शांतता. पूर्वी जेवताना मधुमतीचं सतत काही ना काही असायचं, पाठ, झोप, ती शिकवते त्या शाळेतली सुपरवायझर. आता नाही. जेवण बारा मिनिटांत आटोपतं.
मंगळवारी आणि गुरुवारी ती पासिर रिसला नंदाकडे जाते. नंदा तिची शाळेतली मैत्रीण. आमच्या यिशुनहून पासिर रिस म्हणजे तासभर. विचारलं नाही. बायकांचं काहीतरी असतं.

२२ जून
मधुमती हल्ली बाजाराची पिशवी डाव्या हातात धरते. उजव्या खांद्यावर भार नको असं कुठेतरी वाचलं असेल. चांगली सवय. प्रतिबंधात्मक उपाय म्हणून रजिस्टरमध्ये नोंद केली.

१७ जुलै, गुरुवार
मधुमती चार दिवस नंदाकडे राहायला. मला सुट्टी हवी म्हणाली. ऋग्वेदाही शाळा सुटल्यावर तिकडेच. मी डाळ-भात लावला, एकटा जेवलो. चव लागली नाही. तसं काही वाटलंही नाही.
अर्धवार्षिक अहवाल पूर्ण. मार्चपासून क्लेम शून्य.

२५ जुलै
कोहना आलेख दाखवला. शून्याची सरळ रेघ. त्यांनी विचारलं की नुकसान शून्य आहे की लोकांनी सांगणं बंद केलंय. त्यांच्या एका गोदामात असं झालं होतं म्हणे. मॅनेजर प्रत्येक तक्रारीवर इतका छळायचा की कामगारांनी गळती सांगणंच सोडून दिलं. छतच खाली आलं, तेव्हा कळलं.
कोह अकाउंट्समधून वर आलेत. त्यांना विम्यातलं कळत नाही.

१० ऑगस्ट, रविवार
खालच्या लेटरबॉक्समध्ये हॉस्पिटलचं पाकीट होतं. नाव मधुमतीचं. मी उघडलं.
१७ जुलैला ॲडमिट. उजव्या स्तनातली गाठ काढली. सगळा खर्च विमा कंपनीने भरलाय, जुन्या पॉलिसीतून. तिने ते जानेवारीतले फॉर्म कधी पाठवलेच नव्हते. दोघींची पॉलिसी चालू आहे. या घरात विम्याशिवाय मी एकटा.
खाली जवळच्या नातेवाइकाचा रकाना. त्यात नंदाचं नाव, नंदाचा नंबर. नातं: बहीण.
ऋग्वेदाला विचारलं. तिला माहीत होतं. रोज संध्याकाळी ती हॉस्पिटलात आईजवळ बसायची.
मग मधुमतीला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, गाठ साधी निघाली, काळजी नको. मला का सांगितलं नाहीस, म्हटलं. ती म्हणाली की त्या दिवसांत तिला फक्त भीती वाटत होती, आणि ती मला समजावून सांगायचं बळ तिच्यात नव्हतं.
ओरडली नाही. मलाही रडू आलं नाही. वाईट वाटायला हवं होतं. नुसतं बधिर. समोरच्या ब्लॉकवर कालच्या नॅशनल डेचे झेंडे होते, तेच मोजत उभा राहिलो.
मग विचारलं, दुखलं का खूप.
तिने तव्यावरची पोळी उलटली आणि म्हणाली की हो, दुखलं. तिने सांगितलं कुठे, किती, आणि कुठल्या रात्री सगळ्यात जास्त. मी ऐकलं. यातलं काहीही लिहून घेतलं नाही.
ऑपरेशनला चोवीस दिवस झाले होते.