पंख्यात टिकणारी वात

बाबा, यंदाही आईने तुमची वात विझवली. म्हणजे सांगण्यात. आठव्या माळेला, देव्हाऱ्यासमोर पाटावर बसून, तुमच्या नातीला. "तुझ्या आजोबांनी देवीच्या अखंड दिव्यात आपली शोधून काढलेली वात घातली, अन् अष्टमीले, भर दुपारी, दिवा विझला. तू पोटात होतीस तवा. देवीनं सांभाळून घेतलं म्हणून, नाहीतर त्यांनी काय कमी करून ठेवलं होतं?" तुमच्या नातीला मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीतच येतं. मोबाइलमधून मान वर न काढता ती म्हणाली, "आजी, बाती ही तो थी ना!" आई म्हणाली, "बाती ही तो नाही, बाई. विचार तुझ्या आईले." आणि दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी तोंडात गुळणी धरल्यासारखी बसून राहिले, दर वर्षी बसते तशी. मग उठून फुलवाती तुपात भिजवायला गेले, जसं काही तेच अडलं होतं.

मला तुमचा राग येतो, हे आधी सांगून टाकते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी येतो. तुम्हाला कुठलीही गोष्ट होती तशी राहू देता येत नसे. सिग्नलचे दिवे रॉकेलवर चालायचे तेव्हा तुम्ही स्टेशनच्या लॅम्परूममध्ये होतात, वाती कापायच्या, तेल भरायचं, काचा पुसायच्या. शाळेतून परस्पर तुमचा डबा घेऊन मी यायचे. लाल-हिरव्या काचा ओळीने मांडलेल्या असायच्या आणि तुम्ही कात्री घेऊन एका पट्टीच्या वातीचे दोन्ही कोपरे अगदी जरासे उतरवत बसलेले. कोपरे उतरवले नाहीत तर ज्योतीला शिंगं फुटतात, काच काळी होते, आणि ड्रायव्हरला सिग्नल दिसत नाही, हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंत की मी ते परीक्षेतही लिहिलं असतं. एकदा मी पिनेने वात वर ओढली तर माझ्या हातावर चापट बसली. "ओढू नोको तिले. पिऊ दे. वात ओढून जळत नाही, पिऊन जळते." तुमच्या हातची चापट मी आयुष्यात एवढीच खाल्ली, आणि तीही वातीपायी.

मग सिग्नल विजेचे झाले, तुम्हाला पार्सलच्या खिडकीत बसवलं, आणि रेल्वेला नको असलेली तुमची सगळी विद्या आमच्या घरात शिरली. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत आईची निरांजनं, समई, तुळशीपुढची पणती, एकही दिवा तुमच्या तावडीतून सुटला नाही. स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला चार पणत्या एका रांगेत जळत असायच्या आणि प्रत्येकीखाली चिठ्ठी: किती वाजता लावली, तेल कुठलं, वात कशी वळली. आईने तिथेच कढई उतरवायची, तिथेच पोळपाट टेकवायचा. "घर आहे का तुमची लॅम्परूम?" हे वाक्य मी दिवसातून दोनदा ऐकलं आहे. तुम्ही पणत्या चार बोटं सरकवायचात. चारच बोटं.

आणि तुमचं म्हणणं काय, तर आईची वात फार घट्ट. मांडीवर पीळ देऊन ती सुतळीसारखी कडक करते, मग तेल चढत नाही, टोकाला काजळी धरते, ती झाडायला जावं तर ज्योत जाते. कोऱ्या कापसात मेणासारखं काहीतरी असतं, ते तेलाला वर येऊ देत नाही. म्हणून कापूस धुण्याच्या सोड्यात उकळायचा, दोन उन्हं दाखवायची, आणि पीळ न देता तीन पेडांची सैल वेणी घालायची. सगळं बरोबर होतं हो तुमचं. पण पन्नाशी ओलांडलेल्या बायकोला तिच्या हातची वात चुकते असं तोंडावर सांगायचं असतं का? ती म्हणाली, "देवीची वात आहे का चादर, सोड्यात उकळून राहिले ते?" तुम्ही म्हणालात, "चादर काहून? चादरीले वेणी घालतात का?" आणि माझं हसू फुटलं, म्हणून ती दोन दिवस माझ्याशीही बोलली नाही.

त्या वर्षाचं मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. दुसऱ्या खेपेला मी नागपूरहून बाळंतपणासाठी आले तेव्हा आठवा महिना सरत आला होता. रायपूर नव्यानेच राजधानी झालेलं. समोरच्या घरात नव्या सचिवालयातले कुणी साहेब भाड्याने आले होते, आणि आपल्या गल्लीत, जिथे सायकल वळायची मारामार, तिथे लाल दिव्याची गाडी मागेपुढे करत तासभर अडकायची. आईला त्याचं काही नव्हतं. तिने देवीला बोलून टाकलं होतं: यंदा नऊ दिवस अखंड दिवा ठेवीन, माझ्या पोरीची कूस सांभाळ. आपल्याकडे घट बसायचे, पण अखंड दिवा कधी नव्हता. नऊ दिवस दिवा सांभाळायचा म्हणजे काजळी झाडताना तो जाण्याची धास्ती. म्हणून, आणि केवळ म्हणून, आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतःहून तुम्हाला विचारलं, "तुमची ती वेणीची वात टिकंल का?" तुम्ही "हव" म्हणालात. एवढंच. पण त्या दिवशी तुम्ही दुपारचे झोपला नाहीत. गच्चीवर कापूस वाळत होता आणि तुम्ही शेजारी काठी घेऊन बसला होतात, कावळ्यांना हाकलायला.

वात चालली. सात दिवस अशी चालली की आई शेजारणींना बोलावून दाखवायची. काजळी नाही, धूर नाही, ज्योत कळीसारखी. "आमच्या यांनी बनवली," असं ती म्हणाली, मी या कानांनी ऐकलं. तुम्ही तेव्हा दारात चपला नीट लावत होतात, ज्या आधीच नीट लावलेल्या होत्या.

अष्टमीच्या दुपारी आई देवळात गेली, लोकांनी तिथे लावलेल्या नवसाच्या जोती बघायला. तुम्ही तिळाचं तेल आणायला गेलात. जाताना आई म्हणाली, "लक्ष ठेवजो. अन् पंखा लावू नोको." आश्विनातलं रायपूर, पोटात आठ महिन्यांचं बाळ, पाय भाकरीसारखे फुगलेले. देवाच्या खोलीतली फरशी थंड म्हणून मी तिथे आडवी झाले. आणि टेबलफॅन आणून लावला. दिव्याकडे पाठ करून लावला, अगदी हळू लावला, दोनच मिनिटं म्हणून लावला, आणि डोळा लागला. उठले तेव्हा दिवा विझलेला होता आणि पंखा भिंतीवर आपटून येणारा वारा सगळ्या खोलीत फिरवत होता.

मी काडी ओढली, दिवा लावला, पंखा उचलून बाहेर नेला. त्या घाईत काडी कुठे पडली तेही कळलं नाही. तेवढ्यात तुम्ही आलात. तुम्ही ज्योतीकडे बघितलं, मग फरशीवरच्या काडीकडे, मग माझ्याकडे. वाकून काडी उचलून खिशात घातलीत. विझलेल्या वातीचा वास मात्र खिशात घालता येत नाही. देवळातून परतलेली आई दारातूनच म्हणाली, "दिवा गेला होता का?" आणि तुम्ही, बाबा, तुम्ही लगेच म्हणालात, "हव. वातीनं दगा दिला. मीच लावला परत."

एवढ्यावर मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. आई खाली बसली, रडायला लागली, आणि मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेलच. मी म्हणाले, "तरी मी सांगत होते बाबा, नको ते प्रयोग करू नका." चोराच्या उलट्या बोंबा. तुम्ही तेलाचा डबा खाली ठेवलात आणि म्हणालात, "चुकलं माझं."

का म्हणालात? मला अजून चीड येते. तुमची नात धडधाकट जन्मली, रडून तिने दवाखाना डोक्यावर घेतला, तेव्हा तरी सांगायचं होतं. नाही. पुढच्या वर्षीही अखंड दिवा ठेवताना आई म्हणाली, "आता आपली वात आपल्याच हातची," आणि तुम्ही मान हलवलीत. ओट्यावरच्या पणत्या गेल्या, चिठ्ठ्या गेल्या. तिच्या घट्ट वातीची काजळी तुम्ही नऊ दिवस काडीने झाडत बसायचात, जीभ चावून. तुम्ही गेलात तेव्हा भेटायला आलेल्यांनाही आईने वातीचं सांगितलं. आणि मी चहाचे कप गोळा करत होते.

तुम्ही मला एक बिस्किटांचा डबा दिला होता, पोरीला घेऊन मी परत नागपूरला निघाले तेव्हा. "वाती आहेत. लागल्या तर." मी इतकी वैतागले! म्हटलं, एवढं रामायण झालं, तरी यांचं आपलं वाती. डबा न उघडता माळ्यावर टाकला. नागपूरचं घर सुटलं, तुमच्या जावयांची बदली होऊन आम्ही रायपूरला परत आलो, तेलीबांध्याला तळ्याजवळ फ्लॅट घेतला, आई आमच्याकडे आली, आणि डबा एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर. यंदा नवरात्राआधी घटाचं तांब्याचं भांडं शोधताना तो हाताला लागला, म्हणून उघडला. पेपरात गुंडाळलेल्या वाती. वेणी, पण तीन पेडांची नाही, चार पेडांची, जाड. आणि तुमची चिठ्ठी. "ही पंख्यातही टिकावी. करून पाहिली, टिकते. तरी पंखा लांब ठेवणे."

बाबा, अहो, चुकलं होतं ते माझं. वातीचं काय चुकलं होतं? तुम्ही दोन शब्दांनी मला मोकळं करायचं, निदान रागवायचं. ते सोडून तुम्ही त्या उकाड्यात, आईच्या पाठीमागे, पंखा लावून वात सुधारत बसलात. याला काय म्हणायचं, सांगा मला. मी माळ्याच्या शिडीवर बसून रडले आणि खालून आई ओरडत होती, "सापडला का तांब्या?"

मी काय केलं ते ऐका. आईने यंदाही मांडीवर वात वळली. हात थरथरतात, दिसतं कमी, तरी वळली. घट बसले त्या सकाळी, दिवा लावायच्या आधी, ती आंघोळीला गेल्यावर मी तिची वात काढून तुमची घातली. नऊ दिवस एकदाही काजळी झाडावी लागली नाही. आईला उकडतं म्हणून पंखाही लावला, लांब. त्याच दिव्यासमोर बसून तिने पोरीला ती अष्टमीची गोष्ट सांगितली. तुमची ज्योत हललीसुद्धा नाही.

दसऱ्याला सकाळी ठरवलं होतं की आता सांगायचं, सगळं सांगायचं. तुमची चिठ्ठी हातात घेऊनच गेले. आई दिव्यासमोर हात जोडून बसली होती, इतकी खूश की मला ती लहान मुलीसारखी वाटली. म्हणाली, "पाहून राहिली ना? नऊ दिवस. धूर नाही, काजळी नाही. यंदा वात जमली मले."

हे पत्र त्याच डब्यात ठेवते आहे, उरलेल्या वातींबरोबर. आणखी एक सांगायचं राहिलं. मी चिठ्ठी मुठीत दाबली आणि म्हणाले, "हो आई. तुझ्या हातच्या वातीची गोष्टच वेगळी."