सहावी खुर्ची

प्रिय तोफ,

अनेक आशीर्वाद. माझी धाकटी तुला याच नावाने हाक मारीत असे. लेखी पत्रात असे संबोधन प्रशस्त नव्हे, हे मी जाणतो. परंतु तुझे शाळेतले नाव माझ्या तोंडी कधी बसलेच नाही, आणि या वयात नवीन काही बसेल असे वाटत नाही. मी चौथी शिकलेला मनुष्य. तरी सभागृहाचा शिपाई म्हणून सारी हयात दाराशी उभे राहून विद्वानांची भाषणे ऐकली आहेत, तेव्हा पत्र शुद्ध असावे हा माझा हट्ट तू चालवून घे. अक्षर थरथरते, त्यास इलाज नाही.

घरी सर्व ठीक आहे. थोरल्यास कचेरीत बढती मिळाली. पगार तेवढाच, डोकेदुखी मात्र वाढली, असे तो म्हणतो. माझा चष्मा बदलला. दारापुढचा उतार जसाच्या तसा आहे. दूधवाला हल्ली त्यावरून सायकल थेट ओसरीपर्यंत चढवितो आणि सूनबाई आतून ओरडते, “अरे, घाट आहे का हा तुझा?” पूर्वी हे ओरडण्याचे काम धाकटी करीत असे. सूनबाईचा आवाज तेवढा चढत नाही.

तुम्हा दोघींना मी प्रथम एकत्र पाहिले, तो दिवस मला वारंवार आठवतो. विहिरी खोदणाऱ्या, शाळा चालविणाऱ्या, बायकांना धंद्यासाठी कर्ज देणाऱ्या संस्थांची बैठक माझ्याच सभागृहात होती. अपंग माणसे त्यांच्या कामातून वगळली जाऊ नयेत म्हणून काय करावे, याचा सल्ला द्यायला तुम्हा दोघींना बोलाविले होते. माझी स्वतःची मुलगी सल्लागार म्हणून येणार, म्हणून मी त्या दिवशी दोरी धरून खुर्च्या लावल्या. एकही पाय पुढे-मागे नाही. आणि धाकटी चाकाच्या खुर्चीतून आत आली, साऱ्या रांगांवर नजर फिरविली, आणि म्हणाली, “बाबा, दुसऱ्या रांगेच्या मधल्या दोन खुर्च्या काढा.” मी म्हटले, कडेला ऐसपैस जागा आहे, तिथे बसा. त्यावर ती म्हणाली, “कडेला सामान ठेवतात, बाबा.” मागून, तुझ्या चाकाच्या खुर्चीतून, तू म्हणालीस, “आणि काका, कडेला चहा शेवटी येतो. तोही गार.”

मी खुर्च्या काढल्या. रांग दात पडलेल्या तोंडासारखी दिसू लागली. मला भारी वाईट वाटले, कारण माझ्या रांगेला तोपर्यंत कोणी नाव ठेवलेले नव्हते. मग तुम्ही दोघी येऊन त्या खिंडारात बसलात. मी मागच्या दाराशी जाऊन पाहिले. रांग सरळ होती.

त्याच बैठकीत एक अधिकारी उठून म्हणाला, “आमच्या कार्यक्रमाला तसं कोणी येतच नाही हो.” तू म्हणालीस, “कसं येणार साहेब? तुमच्या कचेरीचा जिना बघून यमसुद्धा खालच्या खाली परत जाईल.” सभा हसली, साहेबही हसले, आणि परतीच्या वाटेवर धाकटीने तुझे नाव तोफ ठेवले. तूही मला त्याच दिवसापासून ‘रांगवाले काका’ म्हणू लागलीस. मी वरकरणी रागावलो होतो, हे तुला ठाऊक आहे.

आता जे लिहितो, ते तू कोणास बोलू देत नाहीस असे ऐकतो. कागदास अडविता येत नाही, म्हणून लिहितो. सल्ल्यासाठीच्या त्या शेवटच्या दौऱ्याची पाळी तुझी होती. बसून बसून तुला जखम झाली होती आणि डॉक्टरांनी तुला पालथे निजवून ठेवले होते, म्हणून धाकटी गेली. तिथून तिचा फोन आला. “बाबा, इथल्या न्हाणीघराचं दार माझ्या खुर्चीपेक्षा बारीक आहे. दारानं बहुतेक पथ्य धरलंय.” ती हसली. मीही हसलो. आत जावे लागू नये म्हणून तिथे असेपर्यंत आपण पाणी पिणेच सोडले आहे, हे तिने सांगितले नाही. अशा ठिकाणी तुम्ही दोघीही तेच करता, हे मला पुढे इस्पितळात कळले. बाप असून मला ते ठाऊक नव्हते. कोणास ठाऊक असू नये, असाच तुमचा बेत असावा. ती ताप घेऊन परतली. आधी मूत्रपिंडे, मग रक्त. पुढचे तू जाणतेस. सल्ला मात्र ती पूर्ण देऊन आली होती. त्या लोकांनी तिच्यासाठी टाळ्या वाजविल्या, असेही तिने तापातच सांगितले.

शोकसभा तो दौरा काढणाऱ्या संस्थेनेच ठेवली, आणि माझ्याच जुन्या सभागृहात. संचालकबाई रडत होत्या. ते रडणे खोटे नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. परंतु धाकटीचा फोटो त्यांनी व्यासपीठावर ठेवला होता. त्या व्यासपीठाच्या पायऱ्या मी जन्मभर झाडल्या आहेत. धाकटी तिथे एकदाही चढू शकली नव्हती. खुर्च्या भिंतीपासून भिंतीपर्यंत सलग लावलेल्या होत्या. तुला त्यांनी कडेला, दाराशी वाऱ्याच्या झोतात बसविले. मी पुढच्या रांगेतून वळून पाहिले, की आता तोफ उडणार. पुन्हा वळून पाहिले तेव्हा तुझी पाठ दाराबाहेर जात होती. मला न भेटता गेलीस. मला राग आला नाही. तुझ्यासारखी चाके असती तर मीही गेलो असतो.

तू गेल्यावर काय झाले, ते तुला ठाऊक नसेल. त्यांनी मला चार शब्द बोलण्यास वर बोलाविले. मी पहिल्या पायरीशी थांबलो आणि म्हणालो, “फोटो खाली आणा. ती इथवर कधी आलेली नाही.” दोन गृहस्थ उठले, अत्यंत आदराने फोटो खाली घेऊन आले, आणि तो त्यांनी एका खुर्चीवर ठेवला. खुर्चीवर, तोफे! कोणाच्याही ध्यानात आले नाही. मी तसाच माझ्या जागी येऊन बसलो. घरी येताना मला हसू फुटले आणि ते काही केल्या आवरेना. थोरला घाबरला, गाडी थांबवून त्याने माझा हात धरला. तू त्या वेळी शेजारी असतीस, तर धाकटीच्या वतीने तूही हसली असतीस, असे मला राहून राहून वाटले.

आता मुद्द्याचे. आमचे जेवणाचे टेबल तू पाहिले आहेस. ते विकत घेतले तेव्हा दुकानदाराने सोबत सहा खुर्च्या दिल्या. सहावी तशीच माळ्यावर गेली, कारण खिडकीकडची बाजू धाकटीची, आणि ती आपली खुर्ची घेऊनच येत असे. मागच्या महिन्यात सूनबाईने ती सहावी खुर्ची खाली काढली. तिच्यावरचे पॉलिश अजून नवे आहे. सकाळी उठून पाहतो तो खिडकीपाशी खुर्ची. मी ती उचलून भिंतीला लावली. संध्याकाळी पुन्हा खिडकीपाशी. मी पुन्हा उचलली. असे बरेच दिवस चालले. सासरा-सून एकमेकांशी एक अक्षर न बोलता खुर्ची इकडून तिकडे नेत राहिलो, आणि थोरला मध्ये बसून वर्तमानपत्र वाचल्याचे सोंग करीत राहिला. शेवटी एके दिवशी सूनबाई त्याच खुर्चीवर बसून ओक्साबोक्शी रडली. “बाबा, ताटं मांडताना रोज हात तिकडे जातो माझा. ती मोकळी जागा समोर असली की घास उतरत नाही. तुम्हाला कसा उतरतो?”

मनुष्य गेले की इतर घरांत त्याची खुर्ची रिकामी राहते. आमच्या घरी खुर्ची ठेवली की मनुष्य गेले. मला ती ठेववत नाही, आणि तिला न ठेवणे सोसवत नाही. दोघांचेही खरे आहे. म्हणून तूर्त ती खुर्ची मधल्या खोलीत, ना इथे ना तिथे, अशी उभी आहे.

तुझ्या भावाने थोरल्यास सांगितले, की तू काम सोडलेस, फोन उचलत नाहीस, आणि विचारले की एवढेच म्हणतेस, “माझ्या जागी ती गेली.” पोरी, या बाबतीत बोलण्याचा अधिकार जगात कोणास असेल तर तो मला आहे, आणि म्हणून मी हे पत्र लिहावयास बसलो. तू गेली असतीस, तर तूही पाणी प्यायली नसतीस. मग हे पत्र तुझ्या वडिलांनी माझ्या धाकटीस लिहिले असते, आणि तीही फोन उचलत नसती. काम पुन्हा धर की नको, हे मी सांगणार नाही. तो तुझा प्रश्न आहे. मी फक्त जेवणाचे आमंत्रण देतो. येत्या रविवारी दुपारी ये. त्या जागेवर या घरातले कोणी बसू शकत नाही. तिथे बसणाऱ्याने आपली खुर्ची आपण आणावी लागते, आणि तशी आता तू एकटीच आहेस. तुझ्याने येववणार नसेल, तर तसे स्पष्ट कळव. मग सहावी खुर्ची मी माझ्या हाताने तिथे ठेवीन, इतर खुर्च्यांच्या अगदी ओळीत; तेवढे मला येते. आणि येणार असशील, तर वाटेत तहान मारू नकोस, पोटभर पाणी पी. आपल्या घरचे दार रुंद आहे.

तुझाच,
रांगवाले काका