नोंदींसकट गेलेली फाइल

मंगळवार, संध्याकाळ. चिखली.

जेवले नाही. आईला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

पार्ट रिजेक्ट का झाले, याचं प्रेझेंटेशन मी ऑनलाइन बनवलं होतं. स्लाइड्स स्वच्छ होत्या. खाली फक्त माझ्यासाठी नोंदी होत्या. दुपारी साहेब म्हणाले, "पीडीएफ करून ऑफिसातल्या सगळ्यांना पाठव, पाच मिनिटांत." केली, पाठवली. ‘नोंदींसह’ या चौकटीत टिक होती. ती मला दिसली कशी नाही? मी, जी कुलूप तीनदा ओढून बघते!

सहाव्या स्लाइडखाली होतं, "काकांना माप घ्यायच्या गेजवरचा काटा नीट दिसत नाही, हे बोलायचं नाही." तपासणीवरच्या काकांनी हे फक्त मला सांगितलं होतं. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. विसरू नये ते लिहून ठेवावं, हे आईने शाळेच्या आधीच घरी शिकवलं. पण हे मी विसरले असते का? मग लिहिलं कशाला?

लक्षात आल्यावर नोंदींशिवायची दुसरी फाइल पाठवली, पहिली उघडू नका असं लिहून. म्हणजे सगळ्यांनी उघडलीच असणार. तळवड्याच्या कंपनीतून घरी येताना बसमध्ये मीही परत उघडली. एवढीशी टिक.

आत्ता काकांचा फोन आला. "सायबांनी उद्या डोळे तपासून यायला सांगितलंय. त्यांना कसं कळलं गं?"

मी खोलीचं दार लोटून घेतलं.

"तुझ्यावर संशय न्हाई हां, पोरी. तुझ्याकडून बाहेर जायचं न्हाई, म्हणून तर तुला सांगितलं."

मी म्हटलं, "हो, काका."