मी वाटलेला ऑटिझम

हेब्बाळ, बंगळूर
१७ ऑगस्ट १९९८

तीर्थस्वरूप कृष्णाजीअण्णांस,
धाकट्या चुलतभावाचा, भगवंताचा साष्टांग नमस्कार.

घरात ज्यांचं कुणी ऐकून घेत नाही अशा नवऱ्यांत आपण दोघेही मोडतो, तेव्हा हे पत्र निदान तुम्ही तरी पुरतं वाचाल. गुडघा कसा आहे? यशवंतपूरच्या वैद्यांचं तेल लावता ना? वहिनींना नमस्कार. इकडे तुंगाबाईंची (म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची) प्रकृती उत्तम, माझ्याशी बोलणं बंद.

मागच्या रविवारी मंडळातलं माझं भाषण तुम्ही चुकवलंत, हे गुडघ्याचे उपकार. आमच्या वेदांतने अमेरिकेहून एक मासिक पाठवलं होतं. त्यात ऑटिझमवर लेख होता. मी त्यातली अडीच पानं वाचली (पुढची जाहिरातींच्या मागे लपली होती) आणि तेवढ्यावर सत्तर मिनिटं बोललो. गुंडूरावांना ठरलेलीच खुर्ची लागते, म्हणून त्यांना ऑटिझम. प्रतापराव जमिनीकडे पाहून बोलतात, त्यांनाही. आणि अण्णा, तुम्हीसुद्धा सुटला नाहीत. के. आर. पुरमला थांबणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या वेळा तुम्हाला पाठ आहेत आणि लग्नात पंगत उठण्याआधी तुम्ही निघता, हे मी भर सभेत सांगितलं. हशा आला. हशा आला की मला थांबता येत नाही. शेवटी मूठ आपटून म्हणालो, "हा आजार नव्हे, हा आपल्या सगळ्यांचा स्वभाव आहे! कुणालाही वेगळं काढू नका!" टाळ्याच टाळ्या.

मग कॉफी आली. गुंडूराव म्हणाले, "मला स्वल्प आहे हो." प्रतापराव म्हणाले, "स्वल्प? मला तर भरपूर!" जणू साखरेचीच चौकशी चालली होती.

तेवढ्यात नीलिमा पुढे आली. तिची सुखदा नऊ वर्षांची आहे, बोलत नाही. तीन वर्षं इस्पितळांच्या पायऱ्या झिजवल्यावर डॉक्टरांनी ऑटिझम हे नाव सांगितलं. झांजांचा आवाज झाला की मुलगी स्वतःचा हात चावते. पण गणपती तिला फार आवडतो, चित्रातल्या गणपतीवरून बोट फिरवत बसते. गणेशोत्सवात एक आरती झांजांशिवाय व्हावी, एवढंच नीलिमाने मागितलं होतं, आणि कमिटी जवळजवळ कबूलही झाली होती.

कमिटीतले गुंडूराव हसून म्हणाले, "अहो अक्का, भगवंतरावांनी आत्ताच सांगितलं ना, हे सगळ्यांनाच असतं. मलाही आवाज सोसत नाही, तरी बसतोच की. वेगळं कशाला काढायचं मुलीला?"

माझंच वाक्य होतं, अण्णा. नीलिमा माझ्याकडे वळली. "काका, भाषण छान झालं. फक्त तुमच्या या सगळ्यांनी एकदा सुखदाच्या हातावरचे दातांचे व्रण बघावेत."

सत्तर मिनिटं बोललेला मी म्हणालो, "कॉफी घेतेस का?"

तिने घेतली नाही. बसमध्ये तुंगाबाई एवढंच म्हणाल्या, "सरी, ठीक आहे, झालं समाधान?" त्यानंतर अबोला. मी तरी आठवडाभर आरशात पाहून दाढी केलेली नाही (हनुवटीवरच्या जखमा त्याच्याच). काल गुंडूरावांकडे गेलो, माझं चुकलं म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "आता माघार घेता? मग टाळ्या आम्ही परत मागायच्या का?" पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात माझं भाषण कुणी इतकं मनावर घेतलं नव्हतं. घेतलं ते हे.

वहिनींना हे पत्र दाखवू नये.

आपला,
खाली मान घातलेला
भगवंत

ता. क. भर सभेत तुमचं नाव घेतलं, त्याबद्दल हात जोडून क्षमा मागतो.

ता. क. २. नुसती क्षमाच मागायची असती तर पोस्टकार्ड पुरलं असतं. मंडळात आरती तुम्ही सांगता आणि पहिली झांज तुमची वाजते. ती वाजल्याशिवाय दुसऱ्या कुणाची वाजत नाही, आणि तुम्हाला कारण विचारायची गुंडूरावांची छाती नाही. नीलिमाला मी अजून काही कळवलेलं नाही. माझ्या शब्दावर तिने मुलीला का आणावं? तुमचा होकार आला की तोच घेऊन तिच्या दारी जाईन. चतुर्थीनंतरच्या रविवारी, सकाळच्या आरतीला, अण्णा, झांज हातात घेऊ नका.