अंधूक उजेडातला होकार

ती. विद्युल्लता आक्कास,
शहापूरहून धाकट्या चिंतामणीचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे आता बरे असतील, आणि शेजारणीनं दिलेलं ते हिरवं तेल लावायचं तू सोडलं असशील, असं धरून चालतो. इकडं सगळे खुशाल. तुझी भावजय माधवी माझ्याशी बोलत न्हाय, पण तब्येत ठणठणीत आहे तिची. (फोनच करणार होतो. पण तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि निपाणीत तुझ्या सोप्यात, बाहेरच्या खोलीत, कायम चार बायका. म्हणून हे पत्र.)

झालं असं की, गेल्या महिन्यात सरकारच्या फुकट विजेच्या युनिटांची मर्यादा आम्ही थोडक्यात ओलांडली. मी म्हटलं, उजेड निम्मा केला तर वीजही निम्मीच लागणार. (तीस वर्षं कचेरीत आवक-जावक सांभाळली मी, एवढं कळतंय मला.) माळ्यावर जुन्या पंख्याचा रेग्युलेटर पडून होता, डब्याएवढा, लोखंडी, एक ते पाच आकड्यांचा. तो भरमू वायरमनकडून सोप्यातल्या दिव्याला जोडून घेतला. "मालक, ह्येचा काय उपेग न्हाय बघा," असं तो तीनदा म्हणाला. पण वायरमनचं ऐकायला लागलो तर झालंच! दिवा नव्या पद्धतीचा, नऊ वॅटचा. तो मंद व्हायलाच तयार न्हाय, नुसता डोळे मिचकावत बसला. मग मी ट्रंकेतला जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब काढून लावला. तो मात्र लई गुणी. काटा दोनवर आणला की मुकाट मंद व्हायचा.

आणि आक्का, मीटर जोरात पळायला लागला! मी रोज सकाळी चष्मा पुसून आकडे बघतोय, रोज जास्तच. तो डबा इतका तापायचा की माधवी त्याच्यावर पायमोजे वाळत घालायची. उजेड कमी आणि युनिट जास्त, मग मधली वीज जाते कुठं? कचेरीत एखादा कागद असा हरवला असता तर आम्हाला नोटीस आली असती. शेवटी काही सुचेना म्हणून काटा एकवर आणला.

नेमकं त्याच रविवारी दिवेलागणीला तू पाठवलेली कोगनोळीची मंडळी आमच्या पोरीला, स्वरालीला बघायला आली. मुलाचे आईवडील, मुलगा आणि त्याचा चुलतभाऊ, असं तूच कळवलं होतंस. पोरं दोघंही एका उंचीची. नावं सांगितली त्यांनी, पण कुठलं नाव कुठल्या चेहऱ्याचं ते कळायला चेहरा तर दिसायला पाहिजे! माधवी स्वयंपाकघराच्या दारातून खुणा करत होती, त्याही मला दिसल्या न्हाईत. (तिचं म्हणणं, दिसल्या.) एक मुलगा गप्प बसून पोहे खात होता. दुसरा उठून थेट त्या डब्याकडं गेला आणि त्यानं बोट भाजून घेतलं. स्वराली मोबाईलचा उजेड धरून त्याला तूप लावायला गेली. मग दोघं तिथंच उभं राहून वीज कुठं जाते यावर बोलत बसली आणि हसत बसली. मी म्हटलं, चुलतभाऊ बडबड्या दिसतोय, नवरा मुलगा मात्र शांत आहे. म्हणून नवऱ्या मुलाच्या मानाचा टॉवेल-टोपी-नारळ पोहे खाणाऱ्याला दिला. त्यानं घेतलाही, पायाही पडला. पण मुलाची आई एकदम खोकायला लागली.

सकाळी स्वराली म्हणाली, "अण्णा, मला मुलगा पसंत आहे." मी आनंदानं लगेच कोगनोळीला होकार कळवून टाकला. नंतर लक्षात आलं, दोघांतला कुठला पसंत, ते मी विचारलंच न्हाय.

तुझा धाकटा,
चिंतामणी

ता. क. : तर आक्का, त्या दोघांतला नवरा मुलगा कुठला, हे कुणालाही न कळता मला लिहून पाठव. एखादा फोटो मिळाला तर फार बरं, भर उन्हातला.

ता. ता. क. : हे पत्र स्वरालीनं वाचलं. (दिवा अजून एकवरच आहे, तरी तिला सगळं दिसतंय.) ती म्हणते, डब्यातून वाया जाणारी वीज मोजता येते, तो सगळं समजावून गेलाय. मला अजून पटलेलं न्हाय. पण पोरीचा होकार बोट भाजलेल्याला आहे, एवढं कळलं. तोच नवरा मुलगा असेल तर देव पावला. नसेल, तर तुझ्या पाया पडतो आक्का, त्याचंच स्थळ बघ.